जुन्या मॅसीचा पीटीओ ठिकाणावर आणताना

माझ्याकडे मॅसी फर्ग्युसन 35 आहे. 1960 च्या दशकातला, तीन सिलिंडरच्या पर्किन्स डिझेल इंजिनाचा आणि डबल क्लचचा. बराच काळ शेडमध्ये उभा होता, पण इंजिन तब्येतीत निघालं. गिअर सगळे पडत होते, ब्रेक लागत होते. तक्रार एकाच जागी होती. पीटीओ म्हणजे पॉवर टेक-ऑफ, जोडलेलं यंत्र चालवणारा ट्रॅक्टरच्या मागचा फिरता शाफ्ट. त्याचा दांडा टाकायला गेलं की आतून कर्रकर्र आवाज यायचा, दात दातांवर घासल्यासारखा. आणि एकदा का पीटीओ लागला, की क्लचचं पेडल तळाला टेकवलं तरी मागचा शाफ्ट थांबायचं नाव घ्यायचा नाही.

ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: ट्रॅक्टर मधोमध सोडव, दोन भाग कर, क्लचचा अख्खा संच बदल. ते कधी ना कधी करावं लागणार हे मलाही कळत होतं. पण नेमकं काय बिघडलंय हे माहीत नसताना सहा दशकं एकत्र असलेले दोन भाग वेगळे करणं मला पटलं नाही. या ट्रॅक्टरच्या रचनेतच अशा सोयी आहेत की एकही बोल्ट न काढता बिघाड क्लचमध्ये आहे की मागे आहे, हे समजू शकतं.

त्यासाठी आधी ताकद कुठून कुठे जाते ते डोळ्यांपुढे आणावं लागतं. डबल क्लच म्हणजे एकाच फ्लायव्हीलवर, इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, दोन प्लेटा. एक गिअरबॉक्सकडे जाते, म्हणजे चाकांकडे. दुसरी पीटीओकडे. पेडल एकच. अर्ध्यापर्यंत दाबलं की चाकांची प्लेट सुटते आणि ट्रॅक्टर थांबतो, पण पीटीओ फिरत राहतो. पेडल पार खाली गेलं की दुसरी प्लेटही सुटते आणि पीटीओ थांबतो. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला ही चैन नाही. तिथे ट्रॅक्टर थांबवायचा तर यंत्रही थांबतं, आणि गवत कापणाऱ्या यंत्राचं जड पातं मागे फिरत असेल तर क्लच दाबल्यावरही ते पातंच गिअरबॉक्समधून ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतं. अशा ट्रॅक्टरच्या शाफ्टवर एकाच दिशेने पकडणारं ओव्हररनिंग कपलिंग बसवलंच पाहिजे. पीटीओ ही कल्पना इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1918 च्या सुमाराला बाजारात आणली. पण चाकं थांबलेली असताना फिरत राहणारा पीटीओ सर्रास मिळायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. कॅनडाच्या कॉकशट कंपनीच्या 30 नंबरच्या मॉडेलचं नाव त्यात आधी घेतलं जातं.

आता या 35 मधली सर्वांत कामाची गोष्ट. याचा हायड्रॉलिक पंप, म्हणजे औजार उचलणारी लिफ्ट चालवणारा, पीटीओच्याच आतल्या शाफ्टवर चालतो, आणि पीटीओचा दांडा ज्या कपलिंगला सरकवतो ते पंपाच्या मागे आहे. म्हणजे दांडा न्यूट्रलला असला तरी पंप चालू राहतो. आधीच्या फर्ग्युसन टीई 20 मॉडेलमध्ये लिफ्ट चालवायलाही पीटीओचा दांडा टाकावा लागायचा, इथे तसं नाही. याचा अर्थ असा, की लिफ्ट ही पीटीओच्या क्लच प्लेटची साक्षीदार आहे. लिफ्ट जोमात उचलते पण पीटीओ फिरत नाही, तर बिघाड पंपाच्या मागे: दांडा, कपलिंग किंवा मागचा शाफ्ट. लिफ्टही ढेपाळली आणि पीटीओही, तर नजर पुढे वळवायची, आणि त्यात क्लच प्लेट आली. अर्थात पंपात किंवा तेलात दोष नाही ना, हे आधी पाहून घ्यावं.

मी मागे वजनदार औजार जोडलं, गिअर न्यूट्रलला, पीटीओचा दांडाही न्यूट्रलला. इंजिन मंद चालू ठेवून लिफ्टचा दांडा वर केला आणि औजार निम्म्यावर आलं असताना पेडल पूर्ण दाबलं. औजार तिथेच थांबायला हवं होतं. ते सावकाश वर चढतच राहिलं. म्हणजे पीटीओची प्लेट सुटतच नव्हती. कर्रकर्र आवाजाचाही उलगडा झाला. कपलिंगचा एक भाग इंजिनाबरोबर फिरतोय, दुसरा स्थिर, आणि मी दोघांना जबरदस्तीने भेटवत होतो.

मागची बाजू निर्दोष आहे याची खात्री आणखी एका मार्गाने होते. 35 च्या पीटीओला दोन चाली आहेत: एक इंजिनावर चालणारी, दुसरी चाकांच्या वेगाने चालणारी. इंजिन बंद केलं, पुढच्या चाकांना पाचरी लावल्या, मागचा भाग भक्कम स्टँडवर घेऊन दोन्ही चाकं अधांतरी केली. दांडा चाकांच्या चालीवर टाकून दोन्ही चाकं एका दिशेने फिरवली, तर शाफ्ट त्यांच्याबरोबर न अडखळता फिरला. शाफ्ट, बेअरिंग, शाफ्टच्या टोकावरच्या सहा खाचा, सगळं जागेवर होतं. तपास पुढे सरकला.

बेल हाऊसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणाच्या, तळाला एक लहानसं भोक असतं आणि त्यात एक स्प्लिट पिन सैल लटकत असते. ती कुणी काढून टाकू नये. ट्रॅक्टर चालताना ती हलत राहते आणि भोक बुजू देत नाही. क्लचच्या खोलीत तेल झिरपत असेल तर इथून थेंब पडतो आणि आत काय चाललंय ते सांगतो. काळं, पातळ, जळकट वासाचं असेल तर इंजिनाच्या मागच्या सीलमधून आलेलं. मधासारखं, जाडसर असेल तर गिअरबॉक्सच्या बाजूचं. दोन्हींपैकी काहीही असलं तरी प्लेटा तेलाने माखतात आणि घसरतात, मग बाहेरून कितीही सेटिंग करा, उपयोग नाही. माझी पिन मातीने गच्च बसली होती. ती मोकळी केली, इंजिन तापेपर्यंत चालवलं, खाली कागद अंथरून ठेवला. कागदावर थोडी कोरडी धूळ पडली, तेल नाही. त्या कोरड्या कागदामुळेच सेटिंग करून बघण्यात अर्थ आहे असं ठरलं.

पुढे जाण्याआधी एक सांगतो, आणि हे मी मनापासून सांगतोय. पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. सैल बाही किंवा दोरीचं टोक शाफ्टला लागलं तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून तपासणी करताना शाफ्टवर काहीही जोडलेलं नको, वरचं संरक्षक कव्हर जागेवर हवं, आणि शाफ्ट थांबला की नाही हे लांबूनच बघायचं. हात लावून तर नाहीच, काठी लावूनही नाही. मी इंजिन बंद असताना शाफ्टच्या टोकावर खडूने एक जाड रेघ मारली. फिरताना ती दिसेनाशी होते, थांबली की लगेच दिसते. धाकटा भाऊ सीटवर बसला, मी बाजूला पाच-सहा पावलांवर. त्याने पेडल दाबून दांडा बेताने टाकायचा, आणि मी रेघेवर लक्ष ठेवायचं.

पहिली शंका पेडलच्या सांधेजोडीवर. पेडल खाली जातं म्हणून क्लच सोडवणारा आतला फोर्कही तेवढाच सरकतो, असं गृहीत धरता येत नाही. पेडलची बुश झिजलेली, लिव्हरचा सांधा ढिला, फोर्क फिरवणाऱ्या आडव्या क्रॉस शाफ्टची भोकं लांबुळकी झालेली, असं असलं की पायाची निम्मी चाल झीज भरून काढण्यातच जाते. भावाला पेडल हळूहळू दाबायला सांगून मी बेल हाऊसिंगमधून बाहेर येणाऱ्या क्रॉस शाफ्टच्या टोकावर बोट ठेवलं. पेडल चांगलं तीन-चार बोटं खाली गेलं तेव्हा कुठे शाफ्ट हलायला लागला. पेडलला थोडा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, हवाच, नाहीतर फोर्कने सरकणारं रिलीज बेअरिंग क्लच सोडवणाऱ्या फिंगरांना, म्हणजे छोट्या लिव्हरांना, कायम घासत राहतं, झिजतं आणि क्लचही घसरायला लागतो. पण इथे तो भरमसाट होता, आणि जेवढा तो वरच्या टोकाला जास्त तेवढी चाल खालच्या टोकाला कमी पडते. नेमकी तिथेच, शेवटच्या टप्प्यात, पीटीओची प्लेट सुटायची असते. चाकांचा क्लच व्यवस्थित आणि पीटीओचा अडकलेला, हे कोडं त्यातूनच तयार होतं.

लिव्हरचा क्लॅम्प बोल्ट सैल करून, पेडलची जागा बदलून, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच फ्री प्ले ठेवला. बुशही बदलली. पुन्हा खडूची रेघ. पेडल तळाला गेलं, शाफ्ट मंदावला, रेघ अधूनमधून दिसायला लागली.

“दादा, थांबला का?”

“नाही रे, फिरतोय अजून. सोड पेडल.”

बाहेरून जे करता येत होतं ते संपलं होतं. आता आत बघायचं.

बेल हाऊसिंगवर एक छोटं झाकण असतं. दोन बोल्ट काढले की क्लचच्या कव्हरचा थोडासा भाग दिसतो. इंजिन बंद, बॅटरीची तार काढलेली, स्टॉपची नॉब ओढलेली, गिअर न्यूट्रल. फ्लायव्हील हाताने थोडं थोडं फिरवत गेलं की एकेक भाग खिडकीसमोर येतो. इथे नीट ओळख पटवणं फार महत्त्वाचं. तीन फिंगर दिसतात, त्यांवर त्यांचे स्वतःचे बोल्ट असतात. त्यांना हात लावायचा नाही. त्यांची उंची क्लच बाहेर काढून फिक्श्चरवर, म्हणजे खास साच्यावर, जुळवलेली असते, खिडकीतून ती पुन्हा साधत नाही. आपल्याला हवेत ते पीटीओचे तीन बोल्ट, फिरू नयेत म्हणून चेकनट लावलेले. पेडल दाबल्यावर मुख्य प्रेशर प्लेट, म्हणजे चाकांची प्लेट दाबून धरणारी, मागे येते, हे बोल्टांजवळचं अंतर संपवते आणि मग पीटीओची प्रेशर प्लेट आपल्याबरोबर ओढून घेते. म्हणजे ते अंतर हीच पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यामधली सीमा. अंतर जास्त झालं तर पेडल संपतं तरी पीटीओ सुटत नाही. कमी झालं तर पीटीओ वेळेआधी सुटायला लागतो आणि दोन टप्प्यांचा फायदाच उरत नाही.

हे अंतर दोन मिलिमीटरच्या जरा पुढेमागे असतं. नेमका आकडा आपल्या क्लचच्या बनावटीचा घ्यावा, कारण इतक्या वर्षांत मूळ क्लच जाऊन दुसऱ्या बनावटीचा बसलेला असू शकतो. मी फीलर गेजची, म्हणजे फट मापायच्या पातळ पट्ट्यांची, दोन-तीन पानं एकत्र धरून मापलं. पहिल्या बोल्टपाशी गेज लटपटत आत गेला, भरपूर मोकळा. फ्लायव्हील फिरवलं, दुसऱ्यापाशी तेच. तिसऱ्यापाशी मात्र गेज घट्ट बसला, माप जवळपास बरोबर. म्हणजे प्लेट एका बाजूने वेळेवर उचलली जात होती आणि उरलेल्या दोन बाजूंनी उशिरा. ती तिरकी होऊन एका कडेला चिकटून राहत होती. पेडल दाबल्यावर शाफ्ट मंदावायचा पण थांबायचा नाही, त्यामागे हीच तिरकी प्लेट.

माझ्या मते आकडा किंचित इकडेतिकडे झाला तर एकवेळ चालेल, पण तिन्ही बोल्ट सारखे हवेतच. चेकनट पान्याने धरून बोल्ट फिरवायचा, गेज हलक्या ओढीने सरकेल इथवर आणायचा, मग बोल्ट स्थिर ठेवून चेकनट आवळायचा. आवळताना बोल्ट थोडा फिरतोच, त्यामुळे माप पुन्हा घ्यायचं. दोन पाने, एक गेज आणि एवढीशी खिडकी, त्यामुळे हाताला सवय होईपर्यंत वेळ जातो. घाई इथे अजिबात परवडत नाही. तिन्ही झाल्यावर फ्लायव्हीलचा पूर्ण फेरा मारून पुन्हा पहिल्यापासून मापलं, मग पेडलचा फ्री प्ले परत तपासला.

झाकण लावण्याआधी आणखी एक चाचणी घेतली, इंजिन बंद ठेवूनच. पीटीओचा दांडा टाकलेला, भावाने पेडल तळाला दाबून धरलेलं. मी यंत्राला जोडायच्या जुन्या शाफ्टचा योक, म्हणजे टोकाचा दुबेळका तुकडा, पीटीओवर चढवून त्यात दांडकं घालून फिरवलं. पंपाचा थोडा विरोध जाणवला, पण शाफ्ट फिरला, आणि खिडकीत फ्लायव्हील जागचं हललं नाही. पेडल सोडल्याबरोबर शाफ्ट घट्ट धरला गेला. बराच काळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची प्लेट गंजून चिकटलेली असती तर इथेच समजलं असतं. योक काढला, झाकण लावलं, बॅटरी जोडली.

इंजिन चालू. पेडल तळाला, भाऊ दोन-तीन सेकंद थांबला, दांडा टाकला. आवाज नाही. पेडल सोडल्यावर रेघ गायब. पुन्हा पूर्ण दाबलं, रेघ गरगरली, मंदावली आणि दिसायला लागली ती तशीच राहिली. लिफ्टची चाचणीही केली. पूर्ण पेडलवर औजार अधांतरी थांबलं, अर्ध्या पेडलवर चढत राहिलं. दोन्ही टप्पे आपापल्या जागी आले होते.

नंतर गवत कापणारं यंत्र जोडून दाट गवतात घातलं. पीटीओच्या 540 फेऱ्यांना हवी तेवढी इंजिनाची गती धरून चालवलं. इंजिन दबतं पण यंत्राचा आवाज त्याच्याबरोबरच दबतो, म्हणजे प्लेट पकडून आहे. इंजिन तसंच चालू राहून फक्त यंत्र मंदावलं असतं, तर प्लेट घसरतेय असं समजून तिथेच थांबावं लागलं असतं, कारण घसरणारी प्लेट तापून फ्लायव्हीललाही खराब करते.

थंडीच्या सकाळी अजूनही दांडा न्यूट्रलला असताना शाफ्ट अगदी सावकाश फिरताना दिसतो. तो गिअरबॉक्समधल्या घट्ट तेलाचा ओढा आहे. तेल कोमट झालं की फिरणं बंद होतं, त्यामुळे त्यासाठी क्लचला हात लावायचं कारण नाही. बोल्टांवर मात्र आता पुढे फिरवायला फार जागा उरलेली नाही. पुढच्या खेपेला अंतर बिघडलं की ट्रॅक्टर मधोमध सोडवायचाच, आणि एकदा उघडला की दोन्ही प्लेटा, रिलीज बेअरिंग, क्रॉस शाफ्टच्या बुश आणि दोन्ही बाजूंचे सील एकदमच बदलायचे.