धुराचा रंग

उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये आज मेस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी माझ्या जुन्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमागे पांढरे फडके धरले आणि मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितले. फडके काळे झाले.

"काळा म्हणजे हवा कमी पडतीय, नाहीतर डिझेल जास्त जातंय, निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं."

इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलची, शंका घ्यावी, हेही त्यांनी शांतपणे समजावले. एअर फिल्टर ठीक होता. इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या टर्बोकडून ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजवरून, म्हणजे नळीवरून, बोटे फिरवताना मात्र त्यांना खालच्या बाजूची चीर सापडली; हवा तिथूनच गळत होती.

याआधी दुसरीकडे काहीही न तपासता डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर बदलायला सांगितले होते. वापरलेली गाडी घेणाऱ्या किती जणांना आधी होज चाचपून पाहणारा मेस्त्री भेटत असेल?