फायकसची पानगळ आणि नर्सरीवाल्याच्या बाटल्या

'पाणी जास्त होतंय मॅडम.' झाडाची पानं का गळतायत, या प्रश्नाला नर्सरीवाल्याचं हे पहिलं उत्तर. पुढच्या खेपेला तोच माणूस, तेच काउंटर, आणि 'पाणी कमी पडतंय मॅडम.' दोन्ही वेळा हातात एकेक बाटली. पहिल्यांदा बुरशीनाशक, दुसऱ्यांदा मुळांचं टॉनिक म्हणून विकतात ते ह्युमिक अ‍ॅसिड. मधल्या एका फेरीत 'एकोणीस-एकोणीस द्या, टवटवीत होईल' म्हणून खताची पुडी. झाडाकडे बघायला तो काही आला नाही, फोटो दाखवला तर अर्ध्या सेकंदात मोबाईल परत. आमच्या गॅलरीत अजून त्या बाटल्या आहेत. माझा राग पूर्ण गेलेला नाही, हे आधीच सांगते.

झाड म्हणजे फायकस बेंजामिना. चकचकीत छोटी पानं, खाली झुकणाऱ्या फांद्या, ऑफिसांच्या रिसेप्शनमध्ये हमखास दिसतं ते. वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच कुळातलं. म्हणजे भाऊबंद कसे, तर पिंपळ आमच्या सोसायटीच्या ड्रेनेजच्या पाइपाला धरून तिसऱ्या मजल्यावर उगवलाय, कोणी पाणी घालत नाही, उलट दर वर्षी तोडतात, तरी परत येतो. आणि हा त्याचा चुलतभाऊ पुण्यातल्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये, पूर्वेच्या खिडकीशी, कुंडीत बसून रुसलेला. नर्सरीत त्याच्यावर 'हवा शुद्ध करणारे झाड, नासा' अशी पाटी होती. नासाच्या १९८९ च्या अभ्यासात या झाडाचं नाव होतं हे खरं, पण तो प्रयोग छोट्या बंद पेट्यांत केलेला. खिडक्या उघड्या असलेल्या घरात एका कुंडीने हवेत काही फरक पडत नाही. घ्यायचं तर दिसायला छान आहे म्हणून घ्या.

आणल्यावर थोडी पानं गळाली, तेव्हा मी घाबरले नाही. ते अपेक्षितच असतं. नर्सरीत हिरव्या शेडनेटखाली भरपूर उजेडात वाढलेली पानं घरातल्या उजेडात स्वतःचा खर्चही भागवू शकत नाहीत, मग झाड ती सोडून देतं आणि कमी उजेडाला जुळणारी नवी काढतं. त्याआधी बंद ट्रकमध्ये अंधारात प्रवास झालेला असतो, त्याचाही हिशेब मागाहून निघतो. या काळात झाड हलवायचं नाही. आज खिडकीशी, उद्या टीव्हीजवळ, परवा पाहुणे येणार म्हणून दाराशी असं केलं की दर वेळी नव्याने पानगळ. एसीच्या झोतात तर अजिबात नको.

पण माझ्याकडची गळ थांबेना. मार्च उलटून उन्हं तापायला लागली तशी वाढलीच. आमच्या कामवाल्या मावशी रोज सकाळी केरसुणी आपटत, 'ताई, तुमचं हे झाड घरात कचरा करायला आणलंय का?' पिवळी पडून गळत होती तशी हिरवीगार पानंही गळत होती. नुसता हात लागला की टपटप. झाडावर रिकाम्या फांद्या दिसायला लागल्या की माणसाला जे करू नये ते सगळं करावंसं वाटतं, आणि नर्सरीवाल्याचा धंदा त्यावरच चालतो.

पान गळतं कसं, ते एकदा समजून घेतलं की घाबरगुंडी कमी होते. देठाच्या बुडाशी, फांदीला चिकटतो तिथे, पेशींचा एक पातळ थर असतो. पान धडधाकट असेपर्यंत त्याच्याकडून ऑक्सिन नावाचं संप्रेरक या थराकडे वाहत राहतं आणि जोड घट्ट राहतो. पाणी तुटलं, उजेड एकदम बदलला, मुळं गुदमरली की तो प्रवाह कमी होतो, इथिलीन वायू वाढतो आणि थरातल्या पेशींना जोडणारा डिंक विरघळतो. पान सुटतं. म्हणजे पान टाकणं हे झाडाचं स्वतःचं काम आहे, जिवंत झाडाचं. उलट, पानं वाळून करडी झाली आणि फांदीला तशीच लटकून राहिली तर जास्त काळजी करा. ती फांदी पान सोडण्याइतकीही जिवंत राहिलेली नसते.

जिवंत आहे की नाही हे बघायला बाटली लागत नाही, नख लागतं. फांदीची साल जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला तर जीव आहे. टोकाकडून सुरुवात करून खोडाकडे खरवडत या, जिथे हिरवं सापडेल तिथपर्यंतचं वाळलेलं कापून टाका. चीक हाताला लागू देऊ नका, काहींना त्याने खाज सुटते, रबराची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर हातमोजे घालाच.

माझ्या झाडाच्या सगळ्या फांद्या हिरव्या निघाल्या. कीडही नव्हती. पानांच्या खाली बारीक जाळी असेल तर लाल कोळी, देठांवर तपकिरी खवले आणि पानं चिकट असतील तर खवले कीड, कापसासारखं पांढरं असेल तर मिलीबग. यातलं काही असतं तर कडुनिंबाचं तेल, लिटरभर पाण्यात ५ मिली, चार थेंब भांड्याचा साबण, संध्याकाळी फवारायचं. पण पानं स्वच्छ होती. मग उरलं काय, तर पाणी. आणि इथेच मी अडकले.

जो तो एकच सांगतो: मातीत बोट घाला, दोन पेरं कोरडं लागलं तर पाणी द्या. मी बोट घालायचे, ओलं लागायचं. नर्सरीवाला म्हणाला जास्त होतंय, ते पटलं, कारण बोटाला ओल लागतच होती. पाणी कमी केलं, गळ वाढली. परत गेले, तर म्हणाला कमी पडतंय. तेही पटण्यासारखं, कारण हिरवी पानं अशी टपटप गळणं हे कोरडं पडल्याचंच लक्षण. दोन्ही लक्षणं एकाच कुंडीत कशी, हे विचारलं तर 'नवीन झाड आहे, सेट व्हायला वेळ लागतो.' या वाक्याचा मला इतका संताप येतो की कोणी नव्या नोकरीबद्दल 'सेट व्हायला वेळ लागतो' म्हटलं तरी मला तो काउंटर आठवतो.

उलगडा झाला तो कुंडी उचलल्यावर. फरशी पुसायला मावशींनी सरकवायला सांगितली, मी दोन्ही हातांनी जोर लावून उचलली आणि ती अपेक्षेपेक्षा फारच हलकी लागली. सकाळीच पाणी घातलेलं. तेव्हा लक्षात आलं की पाणी घातल्या घातल्या खालच्या ताटलीत येतं आणि मी मनात म्हणते, वा, निचरा चांगला आहे.

पेपर पसरून झाड कुंडीतून बाहेर काढलं. बाहेरच्या बाजूला बोटभर जाडीचा काळपट, भुसभुशीत कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा थर, छान ओला. त्याच्या आत लाल मातीचा गोळा. नर्सरीतल्या आधीच्या छोट्या पिशवीच्या आकाराचा, तळाशी पिशवीच्या घडीचा ठसासुद्धा तसाच. त्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला तर टोकसुद्धा जाईना. कडेला सुरीने कापून पाहिलं तर आत फिकट गुलाबी, कोरडी ठाक भुकटी. आणि झाडाची जवळजवळ सगळी मुळं त्या गोळ्यात. बोट जिथे जात होतं तिथे मुळंच नव्हती! पाणी कडेकडेने घसरून ताटलीत, पालथ्या घड्यावर पाणी.

हे का होतं? नर्सरीतला बराच माल दुरून येतो, पुष्कळसा आंध्रातल्या कडियमकडून. चिकट मातीत लावलं की मुळांचा गोळा प्रवासात फुटत नाही. नर्सरीत रोज पाइपाने भिजतो तेव्हा तो ठीक असतो. घरी आल्यावर एकदा पूर्ण सुकला की आक्रसतो, विटेसारखा होतो आणि मग वरून घातलेलं पाणी आत घेतच नाही. त्यावर नर्सरीवाले घाईघाईने मोठ्या कुंडीत कोकोपीट भरून विकतात, म्हणजे वरून सगळं झकास दिसतं. त्या कोरड्या गोळ्यावर एकोणीस-एकोणीससारखं खत ओतलं तर मुळं भाजतात ते वेगळंच. नशिबाने मी ती पुडी उघडली नव्हती, दुकानदाराचा राग म्हणून.

उपाय साधा आहे, पण धीर लागतो आणि मला धीर नाही. आधी बादली. कुंडी काठापर्यंत पाण्यात बुडवायची. बुडबुडे यायला लागतात, बराच वेळ येत राहतात. ते थांबेपर्यंत ठेवायची, माझ्याकडे तासाभराच्या वर लागला. मग काढून न्हाणीघरात उभी करायची, पूर्ण निथळू द्यायची, ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही. पहिल्या बुडवणीनंतरही आतला भाग कोरडाच असू शकतो. गोळ्यात भोकं पाडायला मी सासूबाईंची विणकामाची सुई घेतली, वरून खाली, खोडापासून जरा लांब, गोल फिरत. 'माझी दहा नंबरची सुई मातीत?' असं आईंनी विचारलं, उत्तर देण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. भोकं पाडून परत बुडवली. यावेळी उचलताना कंबर धरली. तेच हवं होतं.

तेव्हापासून बोट बंद. भरपूर पाणी दिल्यावर कुंडी उचलून बघायची, वजन लक्षात ठेवायचं, ती हलकी लागली की पाणी द्यायचं. मोठी कुंडी उचलत नसेल तर एका बाजूने तिरकी करून बघा, तेवढ्यानेही कळतं. ठरलेल्या वारी पाणी द्यायची पद्धत कॅलेंडरला सोयीची आहे, झाडाला नाही: एप्रिलमध्ये जे दोन दिवसांत सुकतं ते जुलैत आठवडाभर ओलं राहतं.

लगेच कुंडी बदलायचा मोह झाला होता. बदलली नाही. पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत मुळं मोकळी करायची म्हणजे झाडाला आणखी एक धक्का. पाऊस सुरू होऊन हवेत दमटपणा आला की करावं. तोपर्यंत फक्त बुडवणं आणि वाट बघणं. गळ एकदम थांबत नाही, आधी ठरलेली पानं पडतातच, मावशींची केरसुणीही आपटतच राहते. पण हळूहळू फक्त आतली पिवळी पडायला लागली, हिरवी गळणं बंद झालं.

पावसाळ्यात गोळा बादलीत भिजवून मऊ केला, बाहेरचा साधारण एक तृतीयांश भाग बोटांनी आणि त्याच सुईने मोकळा केला. सगळी माती धुऊन मुळं उघडी करायची नाहीत. नवी माती: दोन भाग पोयट्याची माती, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग जाड वाळू. कुंडी जुनीपेक्षा दोन बोटं मोठी, जास्त नको, कारण मुळं नसलेली ओली माती सडते. भोकावर एक खापरी. त्यानंतर महिनाभर खत नाही.

उजेडाचं सांगायचं राहिलं. दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद धरा आणि वर हात धरा. सावलीला बोटं दिसली तर उजेड पुरेसा. नुसता पुसट डाग पडला तर ती जागा शोभेची आहे, झाडाची नाही. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर धरत असेल तर पावसाचं पाणी साठवून अधूनमधून ते द्या, क्षार धुऊन जातात.

नवी पालवी आधी फांद्यांच्या टोकांना आली. सुईसारखी टोकदार कळी, तिचं आवरण गळून पडतं आणि पोपटी पान उलगडतं. आवरणं पडलेली बघून मी परत घाबरले होते, ती किडीची नसतात. उघड्या पडलेल्या फांद्यांवर गेलेलं पान परत येत नाही, पण फांदी थोडी मागे कापली की खालून फुटवा येतो. आता झाड खिडकीच्या वर गेलंय. येणारे जाणारे 'काय घालता हो?' म्हणून विचारतात आणि मला फार बरं वाटतं.

एक मात्र लक्षात ठेवा, सगळीच पानगळ आजार नसते. थंडीत कढीपत्ता पानं टाकतो आणि वाढ थांबवतो, त्याला तेव्हा पाणी कमी करा आणि सोडून द्या. मनीप्लांटची खालची पानं एकामागून एक पिवळी पडत असतील तर मात्र बहुतेक वेळा पाणीच जास्त होतंय.

आणि नवीन झाड घेताना नर्सरीतच कुंडी उचलून बघा, खोडाजवळ काडी खुपसून बघा, जाते का. माणूस ओरडतो. मला म्हणाला, 'मॅडम, माती कशाला उकरताय, घ्यायचं तर घ्या.' मी शेजारचं घेतलं, ज्यात काडी गेली, आणि बाटली नको म्हणाले.