दुखणे किती आणे?

वेदना मोजण्यासाठी आम्हा फिजिओथेरपिस्टांकडे शून्य ते दहाची पट्टी असते. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखण्याची कल्पनाही करवत नाही. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दवाखाना सुरू केला तेव्हा ती मला फारच सोपी वाटली होती. मग कापूस वेचणाऱ्या एका बाईंनी कंबरदुखीचा आकडा पहिल्या भेटीत चार, आठवड्याने सहा आणि त्यापुढच्या आठवड्यात आठ सांगितला. दुखणे वाढते आहे असे समजून मी व्यायाम थांबवले आणि त्यांना नागपूरला पाठवण्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली, तेव्हा बाई म्हणाल्या, "बरं वाटून रायलं ना मॅडम, म्हून मार्क वाढवले." पट्टीची दोन्ही टोके मी नीट समजावलीच नव्हती.

तेव्हापासून वयस्क रुग्णांना मी आण्यांत विचारते. औषधाचा गुण आपल्याकडे आजही 'रुपयात आठ आणे फरक' असाच सांगतात, आणि पिकाच्या पैसेवारीकडे, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आले या सरकारी अंदाजाकडे, डोळे लावून बसणाऱ्याला रुपयाचा हिस्सा काढायला शिकवावे लागत नाही. अर्थात ही माझी सोय आहे, प्रमाणित साधन नव्हे. म्हणून केसपेपरवर आणेच लिहिते आणि त्याच रुग्णाच्या मागच्या आण्यांशी ताडून पाहते. जुनाट दुखण्यात दहाच्या पट्टीवर साधारण दोन अंक किंवा मूळ आकड्याच्या 30 टक्के घट झाली तरच ती रुग्णाला जाणवण्याजोगी मानतात, त्यामुळे बाराचे अकरा आणे झाल्याने मी हुरळून जात नाही.

दुखणे कसे आहे, हे मात्र कोणत्याच आकड्यात येत नाही. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये वेदनेची मॅकगिल प्रश्नावली प्रसिद्ध केली ती वेदनेच्या शब्दांवरच उभारलेली, आणि शब्दांची तर आपल्याकडे ददात नाही: ठणकते, ठुसठुसते, चमक निघते, आग होते, मुंग्या येतात. कंबरेपासून पोटरीपर्यंत आग आणि मुंग्या असे कोणी म्हटले की मी आधी नस तपासते.

शिवाय खाटेवर निजवून विचारलेल्या आकड्याला शेतात फारसा अर्थ नसतो. वेचलेला कापूस भरायला कंबरेला ओटी, म्हणजे कापडाची झोळी, बांधून दिवसभर वाकणाऱ्या बाईला मी विचारते, ओटी किती भरली की कंबर धरते? त्या मार्क देणाऱ्या बाईंना सुरुवातीला अर्ध्या ओटीलाच खाली बसावे लागे. परवाच्या केसपेपरवर लिहिले आहे: बसून दोन आणे, भरल्या ओटीने धुऱ्यापर्यंत (शेताच्या बांधापर्यंत) सहा आणे.