ताईचं तिकीट, माह्यं तिकीट

परवा ताईला घेऊन शेगावला जाऊन आलो, धामणगाववरून महाराष्ट्र एक्सप्रेसनं, स्लीपरमधी. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आता 44 ची, पण समज पाच वर्षांच्या पोरीएवढी. गावातल्या किराणा दुकानापर्यंतबी एकटी जात नाही. आणि तरी कित्येक वर्षं आम्ही तिचं फुल तिकीट काढत होतो, कारण सांगणारं कोणी नव्हतं, एसटीत 75 टक्के सूट मिळते हे माहीत होतं, रेल्वेचं डोक्यातच आलं नाही.

तर रेल्वेतबी आहे. मतिमंद माणसाला जनरल, स्लीपर, थर्ड एसीत 75 टक्के, सेकंड आणि फर्स्ट एसीत 50, आणि सोबत जाणाऱ्या एका माणसालाही तेवढीच. 2020 च्या मार्चमधी म्हाताऱ्यांची सवलत बंद झाली तेव्हा माय म्हणे हेबी गेलं असंन, पण दिव्यांगांचं चालूच राहिलं. फक्त ही सूट मूळ भाड्यात असते हं, स्लीपरच्या रिझर्वेशनचे 20 रुपये आणि सुपरफास्टचे 30 पूर्णच भरा लागते, आणि तत्काळमधी तर काहीच नाही.

खरी दमछाक सर्टिफिकेटची. आमच्याजवळ अपंगत्वाच्या टक्केवारीचं सर्टिफिकेट होतं, लॅमिनेशन केलेलं, ते घेऊन मी मोठ्या ऐटीत खिडकीवर गेलो. बाबू म्हणे हे नाही चालत, रेल्वेच्या नमुन्यातलं आणा, सरकारी डॉक्टरच्या सहीचं, शिक्का अर्धा फोटोवर आला पाहिजे. आणि त्यात असं लिहून पाहिजे की हा माणूस सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही. ते एक वाक्य नसलं तर पूर्ण खेळ खल्लास. त्या वाक्यासाठी कापूस वेचणीच्या दिवसात तीन खेपा झाल्या, पहिल्या खेपेला डॉक्टर नव्हते, दुसऱ्या खेपेला नमुना नव्हता, तो मीच शहरातून झेरॉक्स काढून नेला, म्हणजे दवाखान्याला कागद आपणच पुरवायचा.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरनं ताईला विचारलं, "आज कोणता वार आहे?" ताई म्हणे, "बाजार." डॉक्टर माझ्याकडं पाहते, मी म्हटलं साहेब बरोबर आहे, आमच्या गावचा आज बाजारच आहे. ते हसले, मग सही केली.

गाडीत ताई खिडकीला बसली, फुटाण्याची पुडी मांडीवर, आणि तिकीट मुठीत असं दाबून धरलं की टीसी आला तरी सोडेना. "माह्यं तिकीट," म्हणे. टीसीनं ओरिजिनल सर्टिफिकेट मागितलं, ते सोबत ठेवाच, झेरॉक्सच्या भरवशावर निघू नका. अन् दुसरं, सूट ताईमुळं आहे, ती घरी राहिली आणि मी एकटाच सवलतीच्या तिकिटावर बसलो तर मी विनातिकीटच.

परत आलो तर शेजारच्या काकू कचोरी घ्यायला आल्या, त्यांना हे सारं सांगितलं. त्यांचा पोरगा स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या खाते, दर महिन्याला नागपूर करा लागते. डोळे चमकले त्यांचे. आणि मग मलाच सांगा लागलं की काकू, त्याचं नाही होत. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, मानसिक आजारबी त्यात आहे, पण रेल्वेच्या दिव्यांग सवलतीत चारच, हातापायानं अपंग, अंध, मूकबधिर आणि मतिमंद.

काकू कचोरीचा कागद घडी करत बसल्या. "पन त्यालेबी एकट्याले कुठं जाता येते रे," म्हणे, "मागं वर्ध्यालेच उतरून गेला होता."

मला काही बोलता आलं नाही. मंगळवारी त्यांना नागपूरला जायचं आहे, दोन फुल तिकिटं.