तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीतला आवाज गेला का?

"काय रे भो, आवाज गया का?"

जळगावात कुठेही गाडी लावून उतरलो की ओळखीचं कुणीतरी हे विचारतंच. माझ्या जुन्या डिझेल गाडीची दारं, डिकी आणि छत उघडून मी आतून आवाज कमी करणारी शीट चिकटवली, ही बातमी आमच्या नात्यात लग्नाच्या बातमीपेक्षा लवकर पसरली. विचारणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' एवढंच हवं असतं. ते मला देता येत नाही, कारण आधी विचारावं लागतं, कुठला आवाज?

एरंडोल, पारोळा करत धुळ्याला निघालात की गाडीत एकाच वेळी चार-पाच आवाज असतात. इंजिनाची धडधड, टायरची घरघर, दाराच्या फटीतून शिरणारा वारा, शेजारून जाणारा केळीचा ट्रक आणि या सगळ्यांच्या तालावर थरथरणारा पत्रा. मी जी शीट लावली ती यातल्या फक्त पत्र्याला गप्प करते. बाकीच्यांवर तिचा फारसा अधिकार चालत नाही.

घरी पितळी ताट जमिनीवर पडलं की ते घुमत राहतं. त्याला नुसतं बोट लावा, लगेच थांबतं. शीटचं काम त्या बोटाचं. ही दीड-दोन मिलिमीटर जाडीची ब्यूटाइल रबराची शीट असते, वर अॅल्युमिनियमचा पातळ थर. पत्रा थरथरला की मधलं रबर ताणलं जातं आणि त्या थरथरीची सूक्ष्म उष्णता होऊन जाते. ताट थांबवायला पूर्ण तळवा लागत नाही, तसाच पत्राही पूर्ण झाकावा लागत नाही. मोठ्या सपाट भागाच्या मधोमध, एकूण जागेच्या पाव ते एक तृतीयांश झाकलं तरी बहुतेक काम होतं. कुठे लावायची ते बोटाच्या पेरानं ठोकून कळतं. डब्यासारखं 'टण्ण' वाजलं तर तिथे हवी, 'ठप्प' वाजलं तर पुढे सरका. दुकानदार मात्र इंच न् इंच मढवायचा आग्रह धरतो, आणि त्याचा धंदा पाहता ते बरोबरच आहे.

माझा पहिला प्रयोग स्वस्तातला होता. एका गॅरेजवाल्यानं डांबरी शीट लावून दिली. फेब्रुवारीत झकास वाटली. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या पत्र्याचं तर विचारूच नका. आठवड्याभरात गाडीत नव्या रस्त्याचा वास सुटला आणि एका दाराची काच अर्ध्यात अडली. डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढून पाहिलं, तर शीट सुटून काचेवर लोंबत होती. ते डांबर खरवडायला माझे दोन रविवार गेले. खान्देशात राहत असाल तर दुसरं काही ऐकू नका, पण डांबरी शीट घेऊ नका. ब्यूटाइल महाग पडतं, पण ऊन सोसतं.

दुसऱ्यांदा स्वतःच केलं. आधी बॅटरीची तार काढली, कारण दारात, सीटखाली आणि छताच्या कडेला एअरबॅगच्या तारा असू शकतात. डोअर पॅडच्या क्लिपा तुटतातच, म्हणून आधीच दहा-बारा आणून ठेवल्या. पत्रा स्पिरिटनं पुसून घेतला, शीट चिकटवली आणि छोट्या रोलरनं फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबली. यात कंटाळा केला की शीटखाली हवा राहते आणि पैसे वाया जातात. छतावर शीटच्या जोडीला बंद पेशींचा, म्हणजे आत हवेचे बंद बुडबुडे असलेला, फोम लावला. त्यानं दुपारी ऊन डोक्यावर उतरणं जरा कमी झालं, आणि खरं सांगायचं तर मला आवाजापेक्षा हाच फायदा जास्त आवडला.

चूक झाली ती दारात. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. काचेवरून आत उतरणारं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं. उत्साहाच्या भरात मी त्यातली दोन बुजवली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर वळण घेतलं की दारात खळखळ व्हायची. आवाज घालवायला निघालो होतो आणि दारात तापी आणून ठेवली. महिनाभर तसंच राहिलं असतं तर पत्रा आतून गंजला असता.

फरक किती पडला? फोनवरच्या अॅपनं ८० च्या वेगाला तीनेक डेसिबल कमी दाखवले. तीन डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी, पण कानाला निम्मं वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे कमी झाला, गेला नाही. दार मात्र आता 'ठप्' असं भारदस्त मिटतं, आणि मागं बसलेल्या आईला एकच वाक्य तीनदा सांगावं लागत नाही. त्याचबरोबर इतके दिवस गोंगाटाखाली दडलेले आवाज वर आले. डॅशबोर्डची चरचर, जॅकची खडखड. त्यांच्या मागे लागलो ते अजून लागलोच आहे.

परवा मामांचा फोन आला, त्यांनाही गाडीला 'ते चमकदार' लावायचं होतं. ऐंशीच्या वर गाडी घोंगावते म्हणाले. मी म्हटलं, मामा, आधी टायर बघा. पाहिले तर मागचे दोन्ही वेडेवाकडे झिजलेले. टायर बदलल्यावर घोंगावणं बरंच थांबलं, शीटची गरजच पडली नाही.

माझ्याकडे उरलेले चार तुकडे मामा तरीही घेऊन गेले. त्यांनी ते घरच्या पत्र्याच्या कूलरला आतल्या कोरड्या बाजूनं चिकटवले. त्या रात्री मामींना पहिल्यांदा शेजारच्या घरातलं भांडण स्पष्ट ऐकू आलं म्हणे.