जर्मनीत फर्निचरआधी कागद बघा

महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून गुहागर-चिपळूणकडची पोरं जर्मन शिकताना दिसतात. गणपतीला मी घरी आले की विचारणा ठरलेली : ताई, तिकडे घराचं कसं करायचं?

सुरुवातीला सामानासकट घर घ्या, भाडं जास्त पडलं तरी. तिथे रिकामं घर म्हणजे खरोखर रिकामं. बऱ्याचदा आधीचा भाडेकरू ओटा नि सिंकसुद्धा उचलून नेतो. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट, तिच्या पश्चिम भागातल्या माझ्या घरात पलंग, कपाट, शेगडी, ताटल्या सगळं होतं. कुकर तेवढा इथून न्या.

पण पलंग-कपाटावर भुलू नका. मालकाला आधी विचारा, ‘आनमेल्डुंग’साठी पत्र देणार का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता सरकारदरबारी नोंदवावा लागतो आणि त्याला मालकाचं लेखी पत्र लागतं. त्या नोंदीनंतर टॅक्स नंबर येतो. तो नसला तर पगारातून कर जबर कापला जातो. नंबर येतो टपालाने, म्हणून टपालपेटीवर आपलं आडनाव लावा. अमक्याची सून म्हणून ओळखणारा आपला पोस्टमन तिथे नसतो. पेटीवर नाव नाही, तर पत्र परत.

डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून जे भाडं असतं त्यापेक्षा, जास्त घेता येत नाही. तेही तीन हप्त्यांत देता येतं. “मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल,” असं कुणी लिहिलं तर तिथेच थांबा. आईवडिलांनी आंब्याच्या हंगामातून साठवलेले पैसे असतात ते. घर न बघता एक युरोही पाठवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

श्टुटगार्टकडे जिना झाडायची आठवड्याची पाळी भाडेकरूंवर येते, दारावर तशी पाटी अडकवतात. ती मनापासून करा, शेजारी त्यातून ओळखीचे होतात.

आणि बुरशी! आपल्याकडे पावसाळ्यात चपलांवर चढते, तिथे हिवाळ्यात बंद खोलीच्या भिंतीवर. आंघोळ-स्वयंपाक झाला की कितीही थंडी असली तरी पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा. डाग पडला तर भुर्दंड डिपॉझिटमधून जाऊ शकतो. म्हणून किल्ली हातात घेतानाच भिंतींचे, गादीचे, टवका उडालेल्या ताटल्यांचेसुद्धा फोटो काढा आणि सामानाच्या यादीवर मालकाची सही घ्या.