हवाईत आधी डोंगर चढा

हवाईला दुसऱ्यांदा गेले तेव्हा आईला सोबत नेलं. पहिल्या खेपेला पाच दिवस समुद्रकिनाऱ्यावर काढले होते. हॉटेलच्या बागेतल्या चाफ्याचे, जास्वंदीचे ढीगभर फोटो काढले आणि परत आल्यावर निवांत वाचायला बसले तेव्हा कळलं, की त्या फोटोंमध्ये मूळचं हवाईचं असं एकही झाड नव्हतं. ती रुखरुख तीन वर्षं मनात होती. या वेळी ठरवूनच गेले: आधी डोंगर, मग समुद्र.

आईला झाडांची ओळख माणसांसारखी असते. हवाई हा बेटांचा समूह; त्यातल्या हवाई नावाच्याच बेटावरच्या हिलो विमानतळावरून गाडी बाहेर काढली आणि दहा मिनिटांत तिचं सुरू झालं. हा पेरू, हा आंबा, ही घाणेरी. ओलसर चरापाशी सोनटक्का. तारेवर साळुंकी. एवढ्यात एक मुंगूस रस्ता ओलांडून गवतात शिरलं. "अगं, हे तर सगळं आपलंच!" ती इतकी खूश होती की लगेच काही बोलवेना. पण सांगावं तर लागणारच होतं. यातलं काहीही मूळचं इथलं नाही, आणि बऱ्याच गोष्टींनी या बेटांचं फार नुकसान केलं आहे. उसाच्या मळ्यांत उंदीर माजले म्हणून मळेवाल्यांनी 1883 मध्ये जमैकाहून मुंगसं मागवली. जमैकात ती आधी कोलकात्याहून गेली होती. उंदीर बाहेर पडतात रात्री, मुंगूस फिरतं दिवसा. उंदीर राहिले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी मुंगसांच्या तोंडी गेली. चितळसुद्धा आहेत इथे! 1860च्या दशकात राजाला भेट म्हणून आलेले, आधी मोलोकाई बेटावर सोडले आणि आता माउई बेटाच्या कुरणांत आणि जंगलांत कळपांनी चरतात.

मधला एक थर मात्र वेगळा आहे आणि मला तो फार लोभस वाटतो. साधारण हजार वर्षांपूर्वी पॉलिनेशियन दर्यावर्दी होड्यांतून इथे आले तेव्हा त्यांनी रोपं, कंद आणि बिया सोबत आणल्या होत्या. अळू, हळद, ऊस, केळी, नारळ, नीरफणस, उंडी, बारतोंडी. अळूला ते कालो म्हणतात, हळदीला ओलेना. अळू तर त्यांच्या लेखी भाजीपुरतं नाही, त्यांच्या कथेत तो माणसाचा थोरला भाऊ आहे. आईने कालोचं खाचर पाहिलं आणि बांधावर बराच वेळ उभी राहिली.

या सगळ्याच्या आधी काय होतं, ते बघायला गेलो होतो. समुद्राच्या तळातून लाव्हाने वर काढलेली ही बेटं, सर्वांत जवळचा खंड सुमारे 3,800 किलोमीटर दूर. जे आलं ते वाऱ्याने, लाटांनी किंवा पक्ष्यांच्या पोटातून आणि पिसांना चिकटून. जमिनीवर येणाऱ्या सस्तन प्राण्यांपैकी दोनच आपले आपण पोचले: एक वटवाघूळ आणि एक सील. जमिनीवरचे सरपटणारे प्राणी नव्हते, बेडूक नव्हते, मुंग्या नव्हत्या, डास नव्हते. पाला ओरबाडणारं जनावर नाही म्हटल्यावर झाडांनी लाखो वर्षांत आपली हत्यारं टाकून दिली. इथल्या रानरासबेरीला काटे जवळपास नाहीत. इथल्या पुदिन्याच्या भाईबंदांना वास नाही. मग माणसामागून डुकरं आणि बकऱ्या आल्या आणि या बिनकाट्याच्या झाडांना पळायलाही जागा नव्हती.

हिलोपासून हवाई व्होल्कॅनोज नॅशनल पार्क पाऊण तासावर आहे. तिथल्या किलाउएआ ज्वालामुखीच्या माथ्याजवळची उंची साधारण 1,200 मीटर, म्हणून खाली घाम गाळत असलात तरी वर स्वेटर आणि रेनकोट लागतोच. आईच्या गुडघ्यांमुळे डेव्हास्टेशन ट्रेल निवडली, ती डांबरी आणि सपाट आहे. 1959 मध्ये शेजारच्या किलाउएआ इकी या विवरात उद्रेक झाला, लाव्हाचं कारंजं सुमारे 580 मीटर उंच उडालं आणि त्याची राख-खडी या बाजूला पडून जंगल गाडलं गेलं. आज तिथे काळ्या-तांबूस खडीतून ओहिया लेहुआ उगवतोय.

ओहियाबद्दल थोडं निवांत सांगते, कारण हवाईत एकच झाड बघायचं असेल तर ते हे. लाव्हा थंड झाला की सुरुवातीला जे येतात त्यांत हा. बी धुळीच्या कणासारखं बारीक, वाऱ्यावर येतं, भेगेत अडकतं. ज्वालामुखीचे वायू आले की पानांची रंध्रं मिटून घेतो. नव्या लाव्हावरच्या झाडाची पानं लहान आणि खालून लोकरीसारखी, दमट जुन्या जंगलातल्या झाडाची गुळगुळीत, आणि तरी जात एकच. मी गुडघ्यावर बसून एका वीतभर रोपाकडे बघत होते. भेग माझ्या करंगळीएवढी, माती अशी नाहीच, आणि टोकाला कोवळी तांबडी पालवी. शेजारच्या पुरुषभर झाडाला फुलं होती: पाकळ्या दिसतच नाहीत, नुसता लालभडक केसरांचा झुबका.

आई वाकली, हात मागे बांधून (हात लावायचा नाही हे मी आधीच बजावलं होतं), आणि म्हणाली, "हे जामाचं फूल आहे. रंग वेगळा, पण घडण जामाचीच."

मला भरून आलं. कारण ओहिया खरोखरच जाम-जांभळाच्या कुळातला आहे. आणि पॉलिनेशियन लोकांनी आणलेल्या जामाला हवाईयन भाषेत म्हणतात 'ओहिया आइ', म्हणजे खायचा ओहिया. शेकडो वर्षांपूर्वी होडीतून उतरलेल्या लोकांनी जे पाहिलं, तेच तिने पाहिलं होतं.

हे झाड आज मरतंय. 2014 मध्ये हवाई बेटावर एक बुरशी ओळखली गेली. ती सालीच्या जखमेतून आत शिरते, झाडाचा पाणीपुरवठा तोडते आणि हिरवागार माथा काही दिवसांत-आठवड्यांत तपकिरी पडतो. रॅपिड ओहिया डेथ म्हणतात. दहा लाखांहून जास्त झाडं गेली आहेत. पायवाटांच्या तोंडाशी ब्रश ठेवलेले असतात. तळव्यांच्या खाचांतली माती आधी ब्रशने पूर्ण काढायची, मग 70 टक्के अल्कोहोल फवारायचं. आत जाताना आणि बाहेर येतानाही. आमच्यासमोर एक मोठा गट हसत-खिदळत ब्रशला वळसा घालून आत गेला. मला फार राग आला. दोन मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या बेटावर जाणार असाल तर विमानात बसण्याआधी बूट पुन्हा नीट धुवा. ओहियाची फांदी, फूल, रोप काहीही या बेटावरून परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही, गळ्यातल्या हारातलं फूलसुद्धा नाही.

त्याच दुपारी कीपुका पुआउलूला गेलो. कीपुका म्हणजे नवा लाव्हा दोन्ही बाजूंनी वाहून गेला आणि मध्ये वाचलेला जुन्या जंगलाचा तुकडा. जेमतेम दोन किलोमीटरची फेरी, पण काळ्या उजाड लाव्हानंतर तिथली खोल माती आणि सावली अंगावर येते. इथे रिठ्याच्या जातकुळीतली प्रचंड झाडं आहेत, त्यांना मानेले म्हणतात. आणि कोआ. कोआच्या एका कोवळ्या झाडाशी थांबा आणि एकच फांदी नीट बघा: बुडाशी बाभळीसारखी बारीक पिसांची पानं, टोकाला विळ्यासारखी लांब, जाड पानं, आणि मध्ये एखादं असं की अर्धं विळा, अर्धं पीस. ते विळे खरं तर पानं नाहीत, पसरट झालेले देठ आहेत. आम्ही ते अधलं-मधलं पान शोधण्यात अर्धा तास घालवला. वाटेवर दोन कालीज कोंबडे अगदी पायांपर्यंत आले. पण ते हिमालयाकडचे, शिकारीसाठी सोडलेले, म्हणून मी फोटो काढला नाही.

नेने मात्र अवचित भेटला. हवाईचा राज्यपक्षी, एक हंसजातीचा बदकाहून मोठा पक्षी, मानेवर मातकट घड्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर जेमतेम तीसेक उरले होते. पिंजऱ्यात वाढवून परत सोडले, आणि आता तीन हजारांहून जास्त आहेत. 2019 मध्ये त्याचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आला. त्याचे पाय बघा. बोटांमधला पडदा आखूड झालाय, कारण याला पोहण्यापेक्षा लाव्हावरून चालायचं असतं. जोडी ओहेलो नावाच्या झुडपाची लाल फळं टिपत होती आणि आपसांत हळू आवाजात ने-ने करत होती. वाहनतळावर कुणी बिस्किट पुढे केलं की हे पक्षी गाड्यांना सरावतात आणि गाड्यांखालीच मरतात. कृपा करून काही देऊ नका.

समुद्राचं थोडक्यात. पुनालूऊच्या काळ्या वाळूवर होनू, म्हणजे हिरवी कासवं, ऊन खात पडलेली असतात. निदान 3 मीटर लांब राहा. मंक सील दिसला तर 15 मीटर, आणि पिल्लू सोबत असेल तर 45. प्राणी आजारी नाही, झोपलाय. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेलं सनस्क्रीन 2021 पासून तिथे विकता येत नाही, प्रवाळांसाठी. घरून नेणार असाल तर डबीवरचं वाचून घ्या. देवमासे बघायचे तर डिसेंबर ते एप्रिल.

मग माउई. हालेआकाला ज्वालामुखी, 3,055 मीटर. सूर्योदयासाठी आगाऊ आरक्षण लागतं, आम्ही ते केलं नाही, सकाळी उशिरा निवांत गेलो. माझ्या मते तेच बरं, कारण आम्हाला बघायची होती आहिनाहिना. सूर्यफुलाच्या कुळातली, पण दिसते चांदीच्या तलवारींच्या गोळ्यासारखी. पानांवर दाट रुपेरी लव, उन्हाला परत पाठवणारी. कित्येक दशकं नुसती पानांवर जगते, मग एकदाच माणसाएवढा फुलोरा काढते आणि मरते. शंभर वर्षांपूर्वी लोक माथा गाठल्याची खूण म्हणून ती उपटून नेत. मुळं वरच्यावर पसरतात, म्हणून वाट सोडून टाकलेलं एक पाऊलसुद्धा तिला पुरतं. जून ते सप्टेंबर फुलण्याचे महिने. आम्हाला एकच फुललेली दिसली, खालून वर मरून-जांभळ्या चकत्यांनी भरलेली. शेजारी गेल्या वर्षीचा करडा सांगाडा उभा होता.

उतरताना सुमारे 2,000 मीटरवर होस्मर ग्रोव्हला थांबलो. बाकी पाइन-निलगिरी बाहेरून आणून लावलेले, पण कडेला मूळचं झुडपी रान आहे, पिवळ्या फुलांच्या मामानेचं. इइवी हा मध पिणारा पक्षी इथे येतो असं वाचलं होतं. हवाईच्या मधपिणाऱ्या पक्ष्यांच्या पन्नासहून जास्त जाती होत्या, आता सतराच्या आसपास. 1826 मध्ये एका जहाजाच्या पिंपांतून डास आले, पुढे पक्ष्यांचा मलेरिया आला, आणि या पक्ष्यांना त्याची सवयच नव्हती. इइवीला बाधित डासाचा एक चावाही पुरतो. थंडीत डास टिकत नाही म्हणून उरलेले पक्षी उंचावर आहेत, आणि हवा तापतेय तसा डास वर चढतोय. 2023 पासून माउईच्या जंगलांत असे नर डास सोडताहेत की ज्यांच्यापासून अंडी उबतच नाहीत.

धुक्यात पाऊण तास उभ्या होतो. मग गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला. शेंदरी लाल अंग, काळे पंख, आणि नारिंगी चोच इतकी वाकडी की मामानेच्या फुलात ती घालायला त्याला मान पूर्ण कलती करावी लागली. चार-पाच सेकंद. मग झुडपाआड.

आई बराच वेळ बोलली नाही. मग बाही वर सरकवून तिने आपला हात पुढे-मागे नीट तपासला.

"इथवर नाही ना गं आले अजून?" तिने विचारलं.